दोन लाटांमधलं नाव

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. विजयादशमी

आज आपट्याची पानं वाटून झाली आणि 'झरीकर कुलवृत्तांत' सर्वांसाठी खुला केला. सर्वांसाठी म्हणजे आमच्या भावकीतल्या एकशे बारा माणसांसाठी. बाकी जगाला झरीकरांशी काय देणंघेणं. जिल्हा परिषदेत सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या नोंदी केल्या, निवृत्तीनंतर सात वर्षं घरच्यांच्या केल्या. ही म्हणते, तुम्हाला देवानं हात दिले ते रकाने आखायलाच.

पान बहिणीच्या मुलानं, नचिकेतनं, पुण्याहून तयार करून दिलं. माझ्या संगणकावर त्यानं एक चित्र ठेवलंय. ते दाबलं की लिहायची खिडकी उघडते. लिहायचं, 'जतन करा' दाबायचं, बस्स. सोबत चार पानी सूचनापत्रकही पाठवलं होतं. मी ते छापून, भोकं पाडून, फाइलला लावलं. पहिलं पान वाचलं. पुढची तीन पानं गरज पडेल तेव्हा.

खुणा मात्र बाबांच्या वहीतल्याच ठेवल्या, त्यात तडजोड नाही. निपुत्रिक पुरुषाच्या नावाआधी आडव्या-उभ्या रेघांची जाळी. दत्तक गेलेल्याच्या नावाला दोन्ही बाजूंनी दोन-दोन लाटा. वाळीत टाकलेल्याच्या नावावर आडवी रेघ. जाळी आणि लाटा दोन्ही कळफलकावर सापडल्या, अगदी हुबेहूब. रेघ ओढायची कळ काही सापडली नाही. रेघ आमच्या कुळात एकाच्याच नावावर आहे, पणजोबांचे धाकटे भाऊ व्यंकटराव, ज्यांनी देवीचा चांदीचा मुखवटा विकला. त्यांच्या नावापुढे कंसात 'रेघ' असं लिहून भागवलं. लाटाही एकाच्याच नावाला आहेत, माझ्या धाकट्या भावाच्या, उद्धवच्या.

ग्रुपवर दुवा पाठवला. चौतीस जणांनी हात जोडले.

५ ऑक्टोबर, रविवार

संभाजीनगरहून चुलतभाऊ माणिकरावांचा फोन. काम अफाट झालं म्हणाले. मग विचारलं, हनुमंतकाकांचं नाव दुकानाच्या पाटीसारखं एवढं मोठं का, आमच्या वडिलांचं इतकं लहान का. काकांना मूल नव्हतं, म्हणून नावाआधी जाळी आहे, इतकंच. मी रीतसर सगळ्यांची अक्षरं एकाच मापाची ठेवली आहेत. माणिकरावांनी मोतीबिंदू काढल्यापासून फोनवर अक्षर मोठं करून घेतलंय, त्यातला काही प्रकार असेल. तसं सांगितलं नाही, माणूस दुखावतो.

फोन ठेवता ठेवता म्हणाले, "उद्धवचं असं काय झालं होतं हो? आमच्या कानावर काहीच नाही."

मी म्हटलं, आता काही झालेलं नाही, ते सत्तावन्न वर्षांपूर्वीचं. ते 'अरे देवा' म्हणाले. दत्तक गेल्यात अरे देवा म्हणण्यासारखं काय आहे? पण माणिकराव पहिल्यापासूनच हळवे.

११ ऑक्टोबर, शनिवार

दुसरा शनिवार, आणि उद्धव आला नाही. दर महिन्याला याच दिवशी तो चुडाव्याहून पॅसेंजरनं येतो, दहा-साडेदहाला पोचतो. पिशवीत शेतातलं काही ना काही. आल्या आल्या पाय धुतो आणि आईच्या पलंगापाशी बसून तिची नखं काढतो. आई एक्याण्णव वर्षांची. तिची पायाची नखं दगडासारखी झालीत. आधी कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवतो, मग एकेक. हिला किंवा मला ती हात लावू देत नाही. म्हणते, तुमी घाई करता.

यंदा अतिवृष्टीत त्याचं सोयाबीन सगळं पाण्यात गेलं. पंचनामे चालू असतील, म्हणून आला नसेल. आईनं संध्याकाळपर्यंत तीनदा विचारलं, गाडी आली का.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी उद्धवचा फोन आला. मी सोयाबीनचं विचारलं तर त्यानं विषय बदलला. म्हणाला, नातवानं पान दाखवलं.

"दादा, माझं नाव तसंच ऱ्हाणार हाय का?"

"तसंच. का?"

"तू केलंस तसं?"

"मी कोण करणारा? बाबांच्या वहीत तसंच आहे. त्यांनी घातलेली खूण मी फक्त उतरवून घेतली."

"बाबांनी?"

"हो. त्यांच्या हातची आहे. येशील तेव्हा वही दाखवतो."

"नको," म्हणाला. मग "बरं," म्हणाला आणि ठेवला.

वाटलं होतं, त्याला बरं वाटेल. बाबा गेले त्याला एकोणीस वर्षं झाली, त्यांच्या हातचं काही शिल्लक आहे म्हटल्यावर मी तर धावत पाहायला गेलो असतो. शेतकरी माणूस, कागदाचं त्याला पहिल्यापासून वावडंच.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

सुमंगला सेलूहून आली. दोन पाट मांडले होते. अकरापर्यंत वाट पाहिली, मग मला एकट्याला ओवाळलं. दुसरा पाट तसाच राहिला, तो उचलायचं कुणाच्या मनात येईना. शेवटी हिनंच उचलला.

बहीण दिवसभर माझ्याशी धड बोलली नाही. निघताना म्हणाली, "दादा, तू असा असशील असं मला वाटलं न्हवतं. आई हाय तवर तरी थांबायचं होतंस." आणि रिक्षात बसली.

लेकींची नोंद एका ओळीत केली, सासरचं गाव आणि नवऱ्याचं नाव, यावरून ती आधीही एकदा कुरकुरली होती. पण कुलवृत्तांताला नियम असतो. बहीण म्हणून तिला चार ओळी दिल्या तर उद्या सगळ्या आत्या रांगेत उभ्या राहतील. आई हयात असेपर्यंत थांबायचं म्हणजे काय, ते कळलं नाही. आईला कशाला त्रास होणार होता? तिला तर वाचताही येत नाही आता.

उद्धवला फोन केला. वाजून वाजून बंद झाला.

२ नोव्हेंबर, रविवार

आईचं नख रजईच्या दोऱ्यात अडकून उपटलं. रक्त आलं. मी नेलकटर घेऊन बसलो तर तिनं पाय पोटाशी ओढून घेतला. तिला म्हटलं, उद्धव कामात आहे, आता मीच आहे. म्हणाली, "तू हायेसच रे. तू कुठं जातोस?" हे प्रेमानं म्हणाली की कसं, ते ठरवता आलं नाही.

उद्धवला चुडाव्याच्या दिनकररावांना दिलं तेव्हा तो सात वर्षांचा होता, मी नऊ. दिनकरराव बाबांचे मामेभाऊ. चाळीस एकर जमीन, मूल नाही. बाबांच्या शाळामास्तरकीच्या पगारात आम्हा तिघा भावंडांचं भागत नव्हतं. विधी झाला, होम झाला, उद्धवला जरीची टोपी घातली. बैलगाडीत बसताना त्यानं विचारलं, दादा कवा येणार? कुणी तरी म्हणालं, मागून येतोय.

इथं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. त्या रात्री अंथरुणावर मला ऐसपैस जागा मिळाली आणि बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याची पोळी पूर्ण मिळाली, तेव्हाही बरं वाटलं. आठ-दहा दिवसांनी बरं वाटायचं थांबलं. पण आधी वाटलं होतं, हे खरंच.

९ नोव्हेंबर, रविवार

आईला ताप. डॉक्टर येऊन गेले. छातीत कफ आहे, वयाकडे बघा म्हणाले. दवाखान्यात हलवायचं का विचारलं तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

ती अधूनमधून गाडीचं विचारते. उद्धवला चार वेळा फोन केला. चौथ्यांदा त्याच्या बायकोनं, वैदेहीनं उचलला. तिला सगळं सांगितलं. 'सांगते भावोजी' म्हणाली. मागून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज आला. तो उद्धवचाच खोकला. फोनजवळ बसलेला होता आणि बोलला नाही.

राग आला. सोयाबीन काय, माझं काय चुकलं असेल ते काय, पण आईशी कसला सूड? दत्तक गेला म्हणजे पोटचं तुटतं असं लोक म्हणतात, ते मला कधी पटलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आई काल गेली. एकादशी होती. पहाटे साडेपाचला.

शेवटचं बोलली ते आदल्या संध्याकाळी. मी जवळ बसलो होतो. माझा हात धरून म्हणाली, "आलास का उद्धवा." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? ती माझ्या हाताकडे बघत राहिली आणि तिनं पाय पांघरुणाबाहेर काढून पुढं केला. मी नखं काढली. हळू काढली. तिला कळलं असेल की नाही, माहीत नाही.

वैदेहीला फोनवर सांगितलं. दुपारी दोनपर्यंत थांबलो. भावकीतले म्हणाले, आता किती थांबणार. अग्नी मी दिला. उद्धव आला नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सगळं क्रमानं लिहून ठेवतो.

दुपारी घरात मी, ही आणि सुमंगला, तिघंच होतो. आईची तारीख कुलवृत्तांतात चढवायची होती. काल रात्री संगणकावर बसून आईची नोंद पूर्ण केली होती : जन्म, माहेर, विवाह, अपत्ये, देवाज्ञा. सुमंगलाला म्हटलं, बघ बरं, चढलं का. तिनं पिशवीतून फोन काढला, पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. म्हणाली, "आईचं नीट चढलंय. तेवढं ह्याचं काय करायचं ते आता तरी कर."

आईच्या नोंदीखाली आम्हा भावंडांची नावं होती. माझं, साधं. सुमंगलाचं, साधं. मधे उद्धव, आणि त्याच्या नावावरून आरपार गेलेली काळी रेघ.

लाटा नव्हत्याच. एकही नाही. मी म्हटलं, हे कुणी केलं? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "कुणी म्हंजे? तूच उद्धवला म्हणालास की, बाबांनी ओढलीय म्हणून."

मी तिला हाताला धरून संगणकापाशी नेलं, चित्र दाबलं, लिहायची खिडकी उघडली. तिथं लाटा होत्या. दोन अलीकडे, दोन पलीकडे, मधे उद्धव. दसऱ्यापासून मी रोज हेच पाहत होतो. त्या खिडकीच्या बाहेर पान कसं दिसतं, ते मी एकदाही पाहिलं नव्हतं. पाहायचं असतं हेही माहीत नव्हतं.

नचिकेतला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "मामा, ते पत्रकात होतं." खिडकीत लिहिलेली काही चिन्हं म्हणजे छापायची अक्षरं नसतात, त्या यंत्राला दिलेल्या आज्ञा असतात. ओळीच्या सुरुवातीला जाळी म्हणजे हे नाव मोठं कर. दोन्हीकडे दोन-दोन लाटा म्हणजे मधलं खोडून टाक. चिन्ह नुसतं चिन्ह म्हणून दिसायला हवं असेल तर त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यायची, मग यंत्र त्याला हात लावत नाही.

फाइल काढली. सूचनापत्रक, पान दुसरं, तिसरा परिच्छेद. ठळक अक्षरात आहे. हाताखालच्या कारकुनांना मी आयुष्यभर सांगत आलो, परिपत्रक शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सही करू नका.

चारही लाटांच्या आधी तिरपी रेघ दिली. जतन केलं. सुमंगलाच्या फोनवर रेघ गेली, लाटा आल्या. दीड मिनिटाचं काम. दीड महिना ती रेघ तिथं होती, आणि त्यानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, बाबांच्या हातची आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्धव फोन उचलत नाही. वैदेही उचलते. तिला सगळं समजावून सांगितलं, लाटा, यंत्र, तिरपी रेघ. तिनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, "मी सांगते, पर ते बोलायलेच न्हाईत कुणाशी."

जावं म्हणून उठलो होतो. गुरुजी म्हणाले, अग्नी दिलेल्या माणसानं दहा दिवस वेस ओलांडायची नाही. सुमंगला जाते म्हणाली. तिला मी नको म्हटलं. हे माझं मला निस्तरायचंय.

लोक भेटायला येतात आणि विचारतात, उद्धवराव दिसत नाहीत. त्यांना काय सांगू? माणिकरावांना खरं सांगितलं तर ते म्हणाले, म्हणजे हनुमंतकाकांचंही तसंच का? मग आपणच ओशाळले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

परवा तेरावं झालं. आज सकाळच्या गाडीनं चुडाव्याला गेलो. पूर्णेपर्यंत उभा, पुढं जागा मिळाली. काय बोलायचं ते वहीच्या मागच्या पानावर मुद्द्यांनी लिहून नेलं होतं. पाच मुद्दे होते.

उद्धव ओट्यावर बसला होता. डोक्यावर टोपी नव्हती. केस नव्हतेच, पाच दिवसांची खुंटं होती, माझ्या डोक्यावर आहेत तेवढीच. मी अंगणात उभाच राहिलो.

वैदेहीनं पाणी दिलं. तिनंच सांगितलं. आई गेल्याचा फोन आला त्या दिवसापासून दहा दिवस तो मागच्या खोलीत घोंगडीवर बसून होता. एकवेळ जेवण, तेही अळणी. गावचे गुरुजी येऊन सांगून गेले की दत्तक गेलेल्याला जन्मदात्या आईचं सुतक तीनच दिवसांचं. चुडाव्याची भावकीही आली, म्हणाली, उद्धवराव, तुमी आता आमच्या कुळातले, हे बरं दिसत न्हाई. त्यानं सगळ्यांना एकच सांगितलं : "देताना मला कुणी इचारलं न्हवतं. सुतक किती धरायचं ते मी ठरवीन." दहाव्या दिवशी गोदावरीवर जाऊन एकट्यानं मुंडण करून आला.

पाच मुद्द्यांतला एकही आठवेना. मी त्याच्या शेजारी बसलो आणि रडलो. तो रडला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, आई जाताना तरास झाला का. मी नखांचं सांगितलं. त्यानं मान खाली घातली.

मग मी फोन काढला. लाटांचं, यंत्राचं सगळं पुन्हा सांगितलं. बाबांची वही पिशवीतून नेली होती, तीही दाखवली. बाबांच्या निळ्या शाईतल्या चार लाटा, त्यांत उद्धव. त्यानं त्यावरून बोट फिरवलं. मग पान दाखवलं, आता रेघ नाही म्हणून. त्यानं फोन हातात घेतला, चष्मा लावला आणि सावकाश वाचायला लागला. मला हलकं वाटायला लागलं होतं. वर आईची नोंद होती तिथं तो थांबला.

"रेघ मशिननं ओढली. मानलं," म्हणाला. "अन् हे कुणी लिवलं?"

फोन माझ्यापुढे धरला. आईच्या नावाखाली मीच लिहिलेली ओळ होती. अपत्ये : एक मुलगा, एक मुलगी.

दत्तक गेलेला जन्मघरच्या अपत्यांत मोजायचा नाही, असा नियम आहे. तो मला तोंडपाठ आहे. आई जाऊन तीन दिवस झाले होते, तेव्हा रात्री बसून, एकदाही न अडखळता, मी ती ओळ लिहिली होती. चिन्ह नाही, लाट नाही, साधी अक्षरं.

त्यानं फोन परत दिला. आत बघून म्हणाला, "दादाला वाढ. दोनची गाडी हाय त्याला."

जेवलो. तो समोर बसला होता, पण जेवला नाही. स्टेशनपर्यंत आला. गाडी हलली तेव्हा मी म्हटलं, दुसऱ्या शनिवारी येशील का. तो म्हणाला, "आता कुणाची नखं काढायला?"

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी संगणकावर बसलो. उद्धवच्या नावाच्या लाटा काढल्या, तिरप्या रेघाही काढल्या. नुसतं उद्धव ठेवलं. मग आईच्या नोंदीवर आलो. अपत्ये : दोन मुलगे, एक मुलगी. पुढे तिघांची नावं वयाच्या क्रमानं. भावकीतलं कुणी नियम विचारेल. विचारू दे.

जतन केलं. मग खिडकी बंद करून पान बाहेरून उघडलं, लोकांना दिसतं तसं, आणि ती ओळ वाचली. वाचताना आवाज मोठा झाला असावा. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, कोण आलंय?

म्हटलं, कुणी नाही.